समोरची

"मी आता कोण होऊ, ताई?"

धाकटीनं हे विचारलं तेव्हा तिच्या हनुवटीवरून घाम गळत होता. निर्णायक गेम, अकरा-आठची आघाडी आणि मिनिटभराची विश्रांती. प्रशिक्षकाच्या खुर्चीत ताई एकटीच होती. खेळ चालू असताना ओरडल्याबद्दल रेफरीनं बाबांना उठवून कठड्यामागे पाठवलं होतं.

प्रश्न वेडगळ वाटेल, पण त्या घरात नव्हता. ताई देशासाठी बॅडमिंटन खेळायची आणि धाकटी सरावाला समोर उभी राहायची. पुढच्या स्पर्धेत ताईच्या वाट्याला जी प्रतिस्पर्धी येईल, ती धाकटीनं आठवडाभर व्हायचं, असा बाबांचा नियम. कधी उंच, कधी चिवट, कधी डाव्या हाताची. नकलेला अक्कल लागते म्हणतात. हिच्याकडे ती पोत्यानं होती. चुकून स्वतःच्या मनानं एखादा फटका मारला की ताईच खेकसायची, "तुझा खेळ कुणाला हवाय? नीट समोरची हो."

मग या आठवड्यात सरावात ताईचा गुडघा पिळवटला. संघात राखीव खेळाडू धाकटीच होती, अगदी नावापुरती. तिला उतरवावं लागलं. हरली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. जिंकली, तर ताईची जागा गेलीच. बाबा जिंकणारीच्या मागे उभे राहणारे, मग ती थोरली असो की धाकटी.

आणि ती जिंकत होती. पहिला गेम तिनं उसन्या फटक्यांवर घालवला. दुसऱ्यापासून मात्र असं काही खेळू लागली की पलीकडची डावखुरी गोंधळून गेली आणि खुर्चीतली ताई पुढे झुकून धाकटीच्या हाताकडे बघू लागली. जाळीजवळ अगदी शेवटच्या क्षणी वळणारा तो हात कुणाचाच नव्हता. तो धाकटीचा स्वतःचा होता. हे ताईला कळलं, धाकटीला नाही. तिला वाटत होतं, आपलं सगळं चुकतंय.

"उगाच काहीतरी मारत सुटलेय गं मी," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "सांग ना, कोण होऊ?"

ताईनं टॉवेलनं तिचं तोंड पुसलं. असं तिनं याआधी कधी केलं नव्हतं.

"मी हो," ती म्हणाली. "अगदी माझ्यासारखी खेळ."

धाकटीचा चेहरा उजळला. ताईचा खेळ तिला झोपेतही पाठ होता. एवढा मान तिला आजवर कुणी दिला नव्हता. ती पळतच कोर्टवर गेली.

बाबा कठड्यावरून वाकले. "काय सांगितलंस तिला?"

"माझ्यासारखी खेळ म्हटलं."

"अगं, पण या डावखुरीला तू एकदाही हरवलेलं नाहीस."

ताईनं गुडघ्यावरची बर्फाची पिशवी नीट बसवली.

"माहितेय," ती म्हणाली.