कोणते पवार?

जनकोजीरावांनी पाण्याचा पेला परत सरकवला. "नको अम्मा. सुतकाचं घर. आम्ही परके, आम्हाला चालत नै."

कुमुदिनीने पेला उचलून आत नेऊन ठेवला. सासरे जाऊन आज सहावा दिवस. आवडी गावातल्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये, बाहेरच्या खोलीत दिवा जळत होता आणि दिव्याशेजारी त्यांची रापी ठेवली होती. त्या रापीने जन्मभर चामडं कापून, चपला शिवून त्यांनी मुलाला शिकवलं. तो मुलगा, कुमुदिनीचा नवरा कृष्णकांत, आता इथल्या फॅक्टरीत फोरमन होता. तो सतरंजीवर मान खाली घालून बसला होता.

शहरातल्या अण्णा नगर वस्तीतून माणूस एवढ्या लांब समाचाराला आला, याचं तिला खरं तर बरं वाटलं होतं. होणारे व्याही म्हणूनच आले, असं तिने धरलं. तिच्या मुलाचं, सिद्धार्थचं, आणि त्यांच्या मुलीचं, वाणीचं, जमून दोन वर्षं झाली होती. राहिला होता तो फक्त जनकोजीरावांचा होकार.

"वेळ बरी नै, कळतें मला," जनकोजीराव म्हणाले. "पण बोलून टाकलेलं बरं. हे लग्न होणार नै. तुम्ही पवार, आम्हीही पवार. मूळ एकच, धारचं. आमचे पूर्वज तंजावराकडे आले, तुमचे तिकडेच राहिले, इतकंच. देवक पण एक, तलवारीची धार. अय्यो, पोरं भाऊ-बहीण झाली की! कसं चालेल, सांगा?"

कुमुदिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

महिन्यापूर्वी याच माणसाने फोनवर विचारलं होतं, "कोणते पवार?" तिने सासऱ्यांचा धंदा न लाजता सांगितला होता. तेव्हा हेच म्हणाले होते, की आडनाव एक असलं म्हणून कूळ एक होत नाही. गावच्या पाटलाचं आडनाव सगळ्याच जातींनी लावलं, तुमचा-आमचा काडीचा संबंध नाही. त्यावर वाणीने बापाला सरळ ऐकवलं, बरं झालं, कूळ वेगळं म्हणजे लग्नाला अडचण नाही. झालं! महिन्याभरात गृहस्थांनी कूळच फिरवलं. जात आडवी येते असं धडधडीत म्हणाले असते, तर तिने निदान तोंडावर भांडण केलं असतं. हे भाऊबंद होऊन आले होते, गोड बोलून, मेलेल्या माणसाच्या दिव्यापुढे.

"फोनवर तर आपला काही संबंध नव्हता," ती म्हणाली.

"तेव्हा ठाऊक नव्हतं मला. मग तंजावराकडे मोठ्यांना विचारलों. एकच भावकी, म्हणाले." जनकोजीरावांनी घड्याळ पाहिलं.

"नक्की?"

"देवाशपथ."

"कुमुद, असू दे," कृष्णकांत पुटपुटला.

"असू दे कसं? देवाशपथ सांगतायत ते." तिने फोन हातात घेतला. "भावजी, मग तुम्ही परके कसे? तुमचे काका गेले. सूतक तुम्हालाही लागलंय. घरी गेल्यावर देवाला हात लावू नका, आणि शेजारी विचारतील त्यांना सांगा कोण गेलं ते. नावासकट सांगा."

जनकोजीराव घाईघाईने उठले आणि दारात चपला शोधू लागले.

"गुरुवारी दहावा आहे," तिने नंबर लावत मागून सांगितलं. "आमच्यात भावकीतले पुरुष मुंडण करतात. न्हाव्याला मी दोन डोकी सांगितली होती, यांचं आणि सिद्धार्थचं. आता तीन सांगते."