अर्धा किलो पिठीसाखर

"हातात देता येत नाही का गा?" हर्षा खेकसली.

रोहितनं सामानाची पिशवी बेकरीच्या पायरीवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकला. डोक्याला पांढरा दुपट्टा घट्ट गुंडाळलेला. मे महिन्यात जरीपटक्याच्या रस्त्यांवर उघड्या डोक्यानं फिरतंच कोण?

पंधरा दिवस गावी राहून कालच परतलेल्या हर्षानं पिशवी उचलून उघडली. मैदा, बेसन, तूप, अर्धा किलो पिठीसाखर. घरचं सामान आणायचं आणि भट्टीतून नानखटाई भाजून न्यायची, ही रोहितच्या बाबाची, शालिकरामकाकाची दरसालची रीत. काका स्वतः यायचे. भट्टीजवळ स्टूल ओढून बसायचे आणि पहिली नानखटाई फुंकर न मारताच तोंडात टाकायचे.

"कोणासाठी?"

"बाबासाठी."

"डोकं फिरलं का तुयं? मागच्या साली शुगरनं पायाचा अंगठा कापला त्यायचा!"

"साखर पुरी टाकजो, ताई. चिमूटभर बी कमी नको."

"अन् काकू?"

"आईनंच पाठवलं." तो खाली पाहत होता. "आता त्यायले कोणी नाही म्हणत नाही घरात."

"बस. चहा घे."

"नको. उद्या सकाळी सहाले येतो."

गेलाही. बेकरीत पाऊल न टाकता.

हर्षाचं डोकं तापलं. अंगठा कापला तेव्हा शोभाकाकूनं इथंच, भट्टीसमोर, तिचा हात धरला होता. 'माया माणसाले तुया हातची साखर देजो नको वं.' हर्षानं शब्द दिला होता. आता म्हाताऱ्यानं हट्ट धरला असेल आणि हे दोघं मायलेक विरघळले असतील. दुसरं काय!

तिनं पिठीसाखर फळीवर ठेवून दिली. शुगर-फ्रीचा डबा काढला.

पण साखर नुसती गोडी देत नाही. रंगही तीच देते, खुसखुशीतपणाही तीच. पहिला ट्रे निघाला तो खडूसारखा पांढरा, दातांना चिकटणारा. काकानं एका घासात ओळखलं असतं. तिनं तो फेकला. दुसऱ्या खेपेला रंगासाठी दुधाची पावडर टाकली, तूप वाढवलं, शुगर-फ्रीची कडवट चव झाकायला वेलची दुप्पट केली. तिसरा ट्रे तांबूस निघाला. वर बारीक भेगा. तिनं एक चाखली. तिलाही फरक सांगता आला नसता.

सकाळी सहाला रोहित आला. डबा पायरीवरच ठेवायला लावला. या वेळी ती खेकसली नाही. रात्रभर झोपला नसावा, असे डोळे होते त्याचे.

"पुरी टाकली ना?"

"पुरी."

दहाच्या सुमाराला ती फळी पुसत होती. साखर तशीच होती, गाठ न सोडलेली. काकूला परत द्यायची, असं तिच्या मनात आलं, तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, खरं सांग वं. साखर टाकली होती ना?"

हर्षाला हसू आलं. म्हाताऱ्याची जीभ! "पकडलं का काकानं? दे त्यायले फोन. मीच सांगते."

 रोहितच्या मागं पुष्कळ माणसं दबक्या आवाजात बोलत होती.

"घाटावर आहो, ताई. पिंडाजवळ नानखटाई ठेवून दोन घंटे झाले. कावळा शिवून नाही राहिला."