झेल्या

तिसाव्या मजल्याच्या कठड्यावर ससाण्याचं पिल्लू पुढे सरकलं, तशा समोरच्या गॅलरीतल्या मृणालबाई ताडकन उठल्या.

"अहो, झेल्या कुठाय?"

"दुरुस्तीला गेलाय," नवरा आतून म्हणाला.

पडणारी पिल्लं हवेतच झेलून घरट्यात ठेवणारं ते उडतं यंत्र सोसायटीनं घ्यावं, म्हणून बाईंनीच हट्ट धरला होता. कालसुद्धा त्यानं याच पिल्लाला झेललं, तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

पिल्लानं उडी टाकली. पंख मिटलेलेच, झेल्याची वाट बघत ते निवांत पडत राहिलं.

"अरे, पंख पसर!" बाई किंचाळल्या.

खाली बघायचा धीर होईना, म्हणून त्यांनी वर पाहिलं. कठड्यावर बसलेली पिल्लाची आई जागची हललीसुद्धा नव्हती. ती झेल्याच्या रिकाम्या स्टँडकडे बघत होती.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.