आसारामची जागा

साल दोन हजार सतरा. पाडव्याला चार दिवस राहिले होते आणि मुख्याध्यापक रॉबिन सर वर्गातली मागची बसकरपट्टी गुंडाळत होते.

"मरियाबाई, पोरं सरकवून बसवा. एक पण जागा मोकळी नको. लोक दारातनं आधी तेच बघतात."

जामखेडच्या पुढं माळावर मिशनची ही चौथीपर्यंतची शाळा. इंग्रजी शाळेची पिवळी बस आता वस्तीपर्यंत यायला लागली होती. पहिलीला वीस नावं आली नाहीत तर जूनमध्ये वर्ग उघडणार नव्हता. म्हणून आज आईबापांना शाळा बघायला बोलावलं होतं. आणि बाईंच्या वर्गात ओळीओळीत मोकळ्या जागा होत्या. दसरा-दिवाळीनंतर जी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जात, त्यांच्या त्या जागा. पोर परत येईपर्यंत तिथं कोणी बसायचं नाही, हा बाईंचा नेम. सव्वीस वर्षं पाळलेला.

त्या दिवशी बाईंनी तो स्वतःच्या हातानं मोडला. नोहाला धरून उसाला गेलेल्या पंकजाच्या जागेवर बसवलं. तो कुरकुरला, तर त्याच्यावर डोळे वटारले. वर्ग गच्च भरलेला दिसायला लागला.

माणसं आली. बाई शाळा दाखवायला लागल्या. नाताळची चांदणी, ईदच्या दिवशी शाहिनच्या घरून येणाऱ्या शीरखुर्म्याचं पातेलं, कालच पोरांनी कागदाची केलेली गुढी.

"आमच्या नातवाला येशूची गाणी शिकवाल व्हय?" छबूबाईंनी विचारलं. त्या गावच्या माजी सरपंचाच्या आई.

"शिकवीन की. आमचा नोहा गणपतीची आरती त्या गाण्यांपेक्षा मोठ्यानं म्हणतो."

माणसं हसली. किराणा दुकानदार गहिनीनाथनं वर्गावरून नजर फिरवली. "पोरं लई हायेत की. आमाला वाटलं, शाळा ओस पडली." त्यानं नाव लिहायला खिशातून पेन काढलं. रॉबिन सरांचा चेहरा खुलला.

तेवढ्यात दारात पंकजा उभी राहिली.

त्या साली ऊस कमी होता. टोळ्या लवकर परतायला लागल्या होत्या, हे बाईंच्या ध्यानातच आलं नाही. पंकजानं धुतलेला गणवेश घातला होता. तो आता गुडघ्यांच्या वर गेला होता. हातांवर उसाच्या पाल्यानं ओढलेले ओरखडे होते. तिनं दुसऱ्या ओळीकडं पाहिलं. तिथं नोहा होता. तिनं सगळ्या ओळी पाहिल्या. मग ती मागं सरकली आणि पायरी उतरली.

बाई धावल्या. पायात चप्पल नाही, हातातला खडू तसाच. पाहुणे बघत राहिले. चिंचेच्या झाडापाशी त्यांनी पंकजाचा हात पकडला.

"माझं नाव काढलं का, बाई?"

"नाही गं. चूक माझी झाली. चल."

तिला घेऊन त्या वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "पोरांनो, जागच्या जागी बसा."

रॉबिन सर खुणा करत राहिले. पण पोरांनी पट्टी पसरलीसुद्धा. बघता बघता ओळींना खिंडारं पडली. पंकजा आपल्या जागेवर बसली, तरी दहा जागा मोकळ्या राहिल्या. पोरं पाहुण्यांना हौसेनं सांगायला लागली. ही अजिनाथची. ही दोन बहिणींची. आणि ही, बाईंच्या खुर्चीजवळची, आसारामची.

"त्यो बी उसाला गेलाय व्हय?" गहिनीनाथनं विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या.

"कवा?"

"नव्वद साली."

माणसं खो खो हसली. गहिनीनाथनं पेन खिशात ठेवलं. "बाई, त्याचीच पोरं आता उसाला जात असतील," म्हणत तो निघाला. त्याच्यामागं आणखी तिघं गेले.

चपलांपाशी एक बाई मघापासून मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. मनकर्णा. तीही परवाच कारखान्यावरून परतली होती. ती हसली नव्हती.

"बाई, आमी दसरा झाला की जातो. माझ्या पोराची जागा ऱ्हाईल का अशी?"

"राहील."

मनकर्णा आसारामच्या जागेकडं बघत राहिली. मग म्हणाली, "लिहा. ओंकार."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट वस्तीवर गेली. पाडव्याला परतलेल्या टोळ्यांतल्या बाया पोरं घेऊन रांगेत उभ्या होत्या. पहिलीचा वर्ग उघडला.

रॉबिन सर आता संगमनेरला असतात. तिथं पालक आले की ते मोकळ्या जागा आधी दाखवतात, असं म्हणतात. गहिनीनाथचा मुलगा पिवळ्या बसनं जातो आणि चांगला शिकतोय. पंकजा जामखेडला अकरावीत आहे. मनकर्णा अजून उसाला जाते. ओंकार आजीपाशी राहून आठवीत शिकतो. मरियाबाई निवृत्त झाल्या. शाळेच्या मागंच राहतात. पाडवा जवळ आला की कोणीतरी त्यांची खुर्ची वर्गात नेऊन ठेवतं, दाराकडं तोंड करून.

आसाराम कधी आला नाही, असंच सगळे समजतात. पण तो आला होता. उसाला गेला त्याच हंगामात, एक्याण्णवच्या पाडव्याच्या आधी, मळक्या सदऱ्यात. तालुक्याचे साहेब तपासणीला आलेले म्हणून तेव्हा नव्यानंच लागलेल्या मरियाबाईंनी पोरं सरकवून वर्ग भरलेला दाखवला होता. आसारामनं दारातून आपली जागा पाहिली, बाईंकडं पाहिलं आणि तो पायरी उतरला.

त्या दिवशी बाई खुर्चीवरून उठल्या नव्हत्या.