मधला खांब

बांबू कुणीच आणला नव्हता.

फुलं होती, शेंदूर होता, नारळ होता, गळ्यात मोठा ढोल अडकवून ढाकवाला तर केव्हाचा काठ्या सरसावून उभा होता. फक्त ज्याची पूजा करायची, तोच नव्हता. महापालिकेच्या भौमिकबाबूंना वाटलं, बांधकाम कंपनी आणेल. कंपनीच्या यामिनीला वाटलं, वस्तीतले लोक आणतील. आणि वस्ती म्हणाली, जमीन महापालिकेची, तर बांबूही तिचाच. तिघांनी मिळून करायच्या कामाची सुरुवात अशी झकास झाली होती.

खिदिरपूरच्या गोदीमागच्या या झोपड्यांच्या जागी पक्क्या इमारती उठायच्या होत्या. लोकांनी आज तात्पुरत्या शेडमध्ये जायचं ठरलं होतं. पण सामान न्यायला आलेले टेम्पो सकाळपासून रिकामेच उभे होते. एकाही दारातून साधी बादलीसुद्धा बाहेर आली नव्हती. आज वस्ती हलली नाही, तर यंत्रं दुसऱ्या कामावर पाठवू, असं कंपनीने बजावलं होतं. आणि एकदा गेलेली यंत्रं परत येत नाहीत, हे यामिनीला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून तर ही खुंटीपूजा. दुर्गापूजेच्या मांडवाआधी इथे बांबू रोवून पुजतात, आपली मुहूर्तमेढच ती. लोकांचं मन त्याने तरी वळेल, अशी यामिनीची वेडी आशा.

शेफाली मासी पुढे आली. वस्तीत तिचा शब्द चालायचा. यामिनी इथे आली की तिच्याच दारात बसून चहा प्यायची.

"दीदी, एक विचारू?" मासी मोडक्या हिंदीत म्हणाली. "मागच्या साहेबांनी नारळ फोडला आणि बदली होऊन गेले. त्यांच्या आधीच्यांनी तर फीतही कापली होती. किल्ल्या द्यायला तुम्ही असाल?"

'हो' म्हणणं सोपं होतं. भौमिकबाबू डोळ्यांनी तेच सांगत होते. पण पुण्याची बदली यामिनीने स्वतः मागून घेतली होती, लेकीचं, मानसीचं नाव तिथल्या शाळेत घातलंही होतं. या बाईच्या हातचा इतका चहा पिऊन तिच्याशीच खोटं बोलायला तिची जीभ रेटेना.

"नसेन, मासी. पुढच्या महिन्यात मी पुण्याला जातेय."

भौमिकबाबूंनी कपाळाला हात लावला. ढाकवाल्याने काठ्या पिशवीत टाकल्या.

"जायच्या आधी सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच," मासी म्हणाली. मग आपल्या झोपडीकडे वळून तिने खणखणीत हाळी दिली, "पत्रे धरा रे कुणीतरी!"

शेजारपाजारचे धावले. चौघांनी पत्रे तोलून धरले, दोघांनी मधला खांब उपसून काढला. धुराने काळा पडलेला जाडजूड बांबू, त्याच्या खिळ्याला मासीची फणी अजून लटकत होती. पत्रे हळूहळू जमिनीवर टेकवले गेले. मासीने मागे वळूनही पाहिलं नाही.

"विकतचा हवा कशाला?" ती म्हणाली. "धरा, दीदी. बाबू, तुम्हीसुद्धा. खुंटीला ज्याचा हात लागतो, तो विसर्जनाला येतोच. नोकरीला कुठेही असो, येतो. आमच्याकडे असंच आहे."

मागे फिरायला मासीला आता घरच उरलं नव्हतं. यामिनीने दोन्ही हातांनी बांबू घट्ट धरला. भौमिकबाबूंनी घड्याळ काढून खिशात टाकलं आणि बाह्या सारल्या. तिघांनी मिळून खांब खड्ड्यात उभा केला. ढाक वाजू लागला.

पलीकडच्या दारातून कुणीतरी एक ट्रंक ओढत बाहेर काढली. मग शेजारच्या दारातून गाद्या आल्या. टेम्पोवाला लगबगीने फळी पाडायला धावला.

"किल्ल्यांच्या दिवशी मी येईन," यामिनी म्हणाली. "मानसीलाही घेऊन येईन."

मासीने खिळ्यावरची फणी काढली आणि अंबाड्यात खोवली.

"आणा की. पण हॉटेलात उतरायचं नाही हं," ती म्हणाली. "माझ्याकडे राहायचं."