घोंगडीखालची बाटली

रखमाजींनी पहाटेच शाळेच्या व्हॅनमधलं इंजिन थंड ठेवणारं कूलंट काढलं, बाटली घोंगडीखाली लपवली आणि ओट्यावर बसून राहिले. जन्म ड्रायव्हरकीत गेलेला. आता व्हॅन सून चालवायची, पण यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

सुनेनं बॉनेट उघडलं. इंजिन ऑइल बघितलं, ब्रेक ऑइल बघितलं आणि कूलंटच्या टाकीपाशी थबकली. खाली वाकून तिनं गाडीखालची फरशी चाचपली. खडखडीत कोरडी!

“मामा, गळती तर कुठंच नाही. आणा ती बाटली.”

सासऱ्यांनी घोंगडीखालून बाटली काढून पुढं केली. “रागावलीस?”

“रागवायचं काय त्यात? पोरं बसतात गाडीत. अधनंमधनं घेत जा अशी परीक्षा.”

दुसऱ्या दिवशी व्हॅन शाळेला निघाली, तेव्हा रखमाजी घोंगडी पांघरून खुशाल घोरत होते.