घरमालक येणार होता

रोमन झिलाकनं कोर्टाबाहेरचं बाक मुद्दाम दारासमोरचं निवडलं. आत कोण कोण जातं ते तिथून दिसत होतं. अंगात मुलीच्या लग्नातला कोट होता. टाय बायकोनं, इर्मानं, बांधून दिला होता.

"काय बोलायचं ते ठरवलंयस का?" तिनं निघताना विचारलं होतं.

"बोलायचं काही नाही. त्याचं तोंड बघायचंय. इतकी वर्षं नुसते आवाज ऐकले."

"तोंड बघून काय मिळणार?"

"काही नाही."

"मग जा. पण भांडून येऊ नकोस. नंतर तुझं ब्लडप्रेशर मला निस्तरावं लागतं."

पोलाद कारखान्यातलं काम कमी झालं तेव्हा घराचे हप्ते थकले. बँकेनं सवलतीसाठी कागद मागितले. रोमननं ते पाच वेळा पाठवले. दर वेळी फोनवर नवा माणूस असायचा आणि तो म्हणायचा, तुमची फाइल दिसत नाही, पुन्हा पाठवा. सहाव्यांदा पाठवायच्या आत लिलावाची तारीख आली.

त्या वर्षी क्लीव्हलंडमध्ये लिलाव झाला की शेरीफची माणसं घरातलं सामान उचलून रस्त्याकडेच्या गवतावर ठेवायची. गल्लीतल्या तिघांचं तसं झालेलं दोघांनी खिडकीतून पाहिलं होतं.

"माझी गादी मी गल्लीला दाखवणार नाही," इर्मा म्हणाली.

म्हणून लिलावाच्या दोन दिवस आधीच ते निघाले. कोणी काढायच्या आधी आपणच गेलेलं बरं. इर्मानं खोल्या पुसून काढल्या. पुढच्यानं नावं ठेवायला नकोत, असं तिचं म्हणणं. रोमननं पाणी बंद केलं आणि थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून नळांतलं उरलंसुरलं पाणीही काढून टाकलं. किल्ल्या रजिस्टर पोस्टानं बँकेला पाठवल्या. चार दिवसांनी बँकेचे फोन यायचे थांबले. काम पुरं झालं, असं दोघांनी धरलं.

तेव्हापासून ते मुलीकडे तळघरात राहत होते. खिडकी छताला लागून होती. तिच्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट दिसायचे. रोमन जुन्या गल्लीत पुन्हा गेला नाही. दोन वर्षं झाली.

परवा जुनी शेजारीण हालिना हिचा फोन आला.

"तुझ्या घराच्या दारावर पालिकेची नोटीस डकवलीय रे. गुरुवारी नऊ वाजता मालकानं कोर्टात यायचंय."

"माझं कुठलं आता."

"बरं, बँकेच्या घराच्या. पण बघवत नाही आता तिकडं."

म्हणून तो आला होता.

शेजारी एक बाई येऊन बसली. मांडीवर जाड फाइल, गळ्यात पालिकेचं ओळखपत्र. त्यावर ओडेसा प्रुइट असं नाव. तिनं टाचा बुटातून मोकळ्या केल्या.

"कुठल्या घरासाठी आलात, काका?"

त्यानं गल्ली आणि नंबर सांगितला.

"ती माझीच केस. मीच तपासनीस. त्या गल्लीतले का तुम्ही?"

"एकतीस वर्षं."

"मग तुम्हाला मी काय दाखवणार," बाई म्हणाल्या आणि तरी त्यांनी फाइलमधून फोटो काढले.

दारापुढच्या ओट्याचे खांब गेले होते. चोरांनी तांब्याचे पाइप काढायला भिंती फोडल्या होत्या. स्वयंपाकघराचं छत खाली आलं होतं. तो फोटो रोमननं बराच वेळ हातात धरला.

"मालकाला सहा पत्रं घातली," बाई म्हणाल्या. "एकालाही उत्तर नाही."

"नसतंच. फार तर फाइल सापडत नाही म्हणतील."

बाई हसल्या. "तुम्हाला अनुभव दिसतोय."

"आज येईल का तो?"

"असले मालक येत नाहीत हो. घर सोडून देतात, मग शेजाऱ्यांनी उंदीर मोजत बसायचं." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "एक विचारू? मी बहुतेक वेळा मालकासाठी दुरुस्तीला महिन्याची मुदत मागते. म्हटलं, अडचण असेल माणसाची. न्यायाधीश ऐकतात माझं. पण भोगलंय तुमच्या गल्लीनं. तुम्ही सांगा, मागू का?"

रोमननं फोटो परत दिला. त्यात पडलेल्या छताखाली इर्माची डब्यांची फळी भिंतीत तशीच होती.

"नको," तो म्हणाला.

"दंड पूर्ण?"

"पूर्ण. आणि घर पाडायचा खर्चसुद्धा त्याच्याकडूनच घ्या."

"फारच तापलात, काका."

"तापलो नाही, बाई. दमलोय."

बाईंनी मान हलवली आणि ते लिहून घेतलं.

आत गर्दी होती. रोमन मागच्या रांगेत बसला. कोणी सुटातला माणूस दिसतो का ते पाहत राहिला. दोन होते, पण दोघेही दुसऱ्याच घरांसाठी उठले. मग बाईंना पुढं बोलावलं. त्यांनी नंबर वाचला.

न्यायाधीशांनी चष्मा वर सरकवला. "हे घरही बँकेच्या ताब्यातलं का?"

"नाही साहेब. बँकेनं लिलावाच्या आदल्या दिवशी अंग काढून घेतलं, लिलाव झालाच नाही. घराला भावच नव्हता. पण कळवलं कुणालाच नाही. घर पहिल्या मालकाच्याच नावावर राहिलं, आणि तो सोडून गेलाय."

"मुदत मागताय?"

"या वेळी नाही. पूर्ण दंड आणि पाडायचा खर्च. गल्लीतल्या माणसाचंही तेच म्हणणं पडलं."

"ठीक. मालकाचा पुकारा करा."

कारकुनानं कागद डोळ्यांजवळ धरला, आडनावाशी जरा अडखळला आणि मोठ्यानं वाचलं, "रोमन झिलाक."